अडतीस ग्रॅमची चोरी

१

चारित्र्य पडताळणीचा अर्ज भरून काजलला अकरा दिवस झाले होते. बाराव्या दिवशी सकाळी तिच्यावर चोरीचा आळ आला.

धामणगाव बढ्यात जयमालाबाईंचा मुगवड्यांचा धंदा होता. गावातल्या चौदा बायका पत्र्याच्या शेडमध्ये वड्या घालायच्या, उन्हात वाळवायच्या, आणि एका मोठ्या ऑनलाइन बाजाराच्या संकेतस्थळावरून त्या नागपूर-पुण्यापासून थेट सुरतेपर्यंत जायच्या. दोन वर्षं सगळं सुरळीत चाललं. मग मार्चअखेरीला वर्षाचा हिशेब जुळवायला घेतला, आणि जानेवारीपासूनच्या तीन महिन्यांत दोन भगदाडं सापडली. विक्रीच्या मानानं बँकेत दीड लाख रुपये कमी आले होते. आणि कोठीतला माल तोलला, तर तोही एक क्विंटल सत्तर किलोनं कमी भरला.

हिशेब काजल ठेवायची. संकेतस्थळाचा पासवर्ड तिच्याकडे, ओटीपी यायचा तोही तिच्याच मोबाइलवर. जयमालाबाईंचा दीर दीपक याला तेवढं पुरेसं होतं. वड्या घालणाऱ्या सगळ्या बायकांसमोर शेडच्या दारात उभा राहून तो म्हणाला, "वहिनी, घरातच चोर पोसला आपन. मी ठान्यात तक्रार देतो."

काजलला एका बँकेत लिपिकाची नोकरी लागली होती. पोलिसांची पडताळणी तेवढी बाकी होती. त्याच ठाण्यात तिच्या नावाची तक्रार पडली असती, तर नेमणुकीचं पत्र वाटेतूनच परत गेलं असतं. दोन वर्षं तिनं त्या परीक्षेचा अभ्यास कसा केला होता, हे जयमालाबाईंनी डोळ्यांनी पाहिलेलं होतं. त्यांनी दिराकडून एक दिवस मागून घेतला आणि बुलढाण्याला फोन लावला.

बुलढाण्यात कोर्टामागच्या गल्लीत स्नेहलताबाई पाठक यांचं दोन खोल्यांचं ऑफिस होतं. ऑनलाइन विकणाऱ्यांचे हिशेब जुळवून देणं हा त्यांचा उद्योग. वय सत्तावन्न, चष्मा जाड, आणि आवाज असा की समोरचा आपोआप हळू बोलू लागायचा. 'पैसे कमी आले' हे वाक्य त्यांनी इतक्यांदा ऐकलं होतं की आता त्याचं त्यांना काही वाटत नसे. पैसे हरवत नाहीत, कुठल्या तरी दुसऱ्या रकान्यात जाऊन बसतात, असा त्यांचा अनुभव होता. त्यामुळे फोनवर ऐकता ऐकताच दीड लाखाची गोष्ट त्यांनी मनातल्या मनात अर्धी सोडवून टाकली.

वड्यांना मात्र रकाना नसतो. त्या खरोखर जाऊ शकतात. म्हणून दुसऱ्या दिवशी त्यांनी सकाळची पहिली एसटी धरली आणि राजूरचा घाट उतरून त्या धामणगावात पोचल्या.

२

"या मॅडम," दीपकनं दारातच गाठलं. "घाटावरच्या मानसाले आमचं खालचं ऊन सोसत नाही. सावलीत बसा. तसं तुमाले जास्त काम नाही म्हना."

"का हो?"

"सरळ गोष्ट आहे. पासवर्ड कोनाजवळ? काजलजवळ. माल कोन मोजते? हर्षल. दोघं एका वर्गात शिकले. आता तुमीच बेरीज करा."

"बेरीज मी सगळ्यात शेवटी करते," स्नेहलताबाई म्हणाल्या. "आधी मला पार्सल कसं बनतं ते दाखवा."

पार्सल तीन हातांतून जात होतं. हर्षल कोठीतल्या डब्यातून वड्या काढून पाकिटात भरायचा आणि काट्यावर तोलायचा. काट्याच्या डोक्यावर कॅमेरा होता, कारण गिऱ्हाइकानं माल कमी भरल्याची तक्रार केली तर संकेतस्थळाला चित्रफीत दाखवावी लागे. तोललेलं पाकीट मग चार पावलं पलीकडे, सीलिंग मशीनवर बसलेल्या रुखमाबाईंकडे जायचं. सील झालं की हर्षलच ते खोक्यात घालून चिकटपट्टी मारायचा. संध्याकाळी दीपक सगळी खोकी व्हॅनमध्ये टाकून मोताळ्याला कुरिअरच्या गोदामात नेऊन द्यायचा.

"तू किती भरतोस?" त्यांनी हर्षलला विचारलं. सव्वीस-सत्तावीसचा, ओठ घट्ट मिटलेला माणूस होता तो. कालपासून त्याला कुणी काही विचारलं नव्हतं, फक्त संशयानं पाहिलं होतं.

"चारशे चाळीस ग्राम. खोकं अन् पट्टी धरून चारशे पंच्याऐंशी. पाचशेच्या वर गेलं तं वाहतूक वाढते, हे मले मालूम आहे. वर क्यामेरा आहे मॅडम, तीन महिन्याचं पाहून घ्या. एका ग्रामाचा फरक निघाला तं मले सांगा."

"रोज तूच तोलतोस?"

"रोज. बाजाराच्या दिवशी तं सीलबी मीच मारतो. आजी बाजारात दुकान लावते ना."

आजी म्हणजे रुखमाबाई. पंचाहत्तरीची, चिमणीएवढी बाई. कोठीची किल्ली त्यांच्या कमरेला होती.

"मले काय विचारता बाई," त्या म्हणाल्या. "जानेवारी लागला अन् गुडघ्यानं जवाब देला. खाली बसून वड्या घालनं बंद झालं. मंग जयमालानं ही खुर्ची देली, हे यंत्र देलं. दाबा अन् चटका खा."

"किल्ली कुणाला दिली होती कधी?"

"कोनालेच नाही. कुलूप शाबूत आहे, कोठीले खिडकी नाही. आता वड्याइले पाय फुटले असतीन तं मी काय करू?"

पलीकडच्या बायका हसल्या. काजल हसली नाही. ती कोपऱ्यातल्या कॉम्प्युटरपाशी उभी होती, आणि स्नेहलताबाई जवळ येताच तिनं न विचारता पासवर्ड लिहिलेला कागद पुढे केला.

३

काजलचा हिशेब नीटनेटका होता. संकेतस्थळ दर आठवड्याला एकरकमी पैसे पाठवायचं, सोबत एक तक्ता यायचा: विक्री किती, कमिशन किती, वाहतूक किती, कर किती, परत आलेला माल किती. काजलनं एकेक ओळ बँकेशी लावून पाहिली होती, आणि जिथं जुळलं नाही तिथं लाल रंग भरला होता. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यापासून प्रत्येक पान लाल होतं.

स्नेहलताबाईंनी तो लाल रंग पाहिला आणि एक गोष्ट कायमची नक्की केली. चोरी करणारा माणूस स्वतःच्या चोरीला रंग लावून ठेवत नाही.

"हे लाल कुणाला दाखवलंस?"

"जयमालाकाकूइले दाखवलं होतं. काकू म्हनल्या, मार्चले पाहू."

"आणि वजनाची फाइल?"

"कोनती?"

स्नेहलताबाईंनी पडद्यावर तिसऱ्या रकान्यावर बोट ठेवलं. काजलचा चेहरा उतरला. "ते कुरिअरवाल्याइचं असते असं वाटलं मले. आपल्याले त्याचं काय काम म्हनून…"

फाइल उघडली. चार हजार चारशे पन्नास ओळी. प्रत्येक ओळीत एका ऑर्डरचा क्रमांक आणि पुढे तेच शब्द: सांगितलेलं वजन पाचशेच्या आत, गोदामाच्या यंत्रावर भरलेलं वजन पाचशेच्या वर, जादा वाहतूक चौतीस रुपये. ही कपात त्या त्या ऑर्डरच्या तक्त्यात येत नसे. दोन-तीन दिवसांनी, आठवड्याच्या एकरकमी पैशांतून परस्पर कापली जाई. ऑर्डर आणि कपात यांची गाठ या फाइलशिवाय कुठंच पडत नव्हती.

चार हजार चारशे पन्नास गुणिले चौतीस. एक लाख एकावन्न हजार तीनशे.

"हे तुमचे दीड लाख," स्नेहलताबाई जयमालाबाईंना म्हणाल्या. "कुणी नेले नाहीत. वाहतुकीत गेलेत." मग काजलकडे वळल्या. "आणि चूक तुझीही आहे, ते ऐकून ठेव. पहिल्याच आठवड्यात ही फाइल उघडली असतीस, तर दहा-बारा हजारांत भागलं असतं. बँकेत जाशील तिथंही जो रकाना आपला नाही असं वाटेल, तो आधी उघडायचा."

"हो मॅडम," काजल म्हणाली. बँकेचं नाव ऐकून तिनं कालपासून पहिल्यांदा मान वर केली होती.

दीपक दाराला टेकून ऐकत होता. त्यानं हळूच टाळी वाजवली.

"पैशाचं समजलं. आता मालाचं सांगा. पावनेदोन क्विंटल वड्याबी कुरिअरवाल्यानं कापल्या काय? हे पाहा वहिनी, पोरीनं फाइल तीन महिने दाबून ठेवली. काऊन दाबली? इकडून हर्षल माल काढून राह्यला, तिकडून हे कागद झाकून राह्यली. आता तं माह्या तक्रारीत दोघाइचं नाव येईन."

त्यानं खिशातला कागद काढला, टेबलावर ठेवून त्यात हर्षलचं नाव वाढवलं, आणि कुणी काही बोलायच्या आत त्याच्या मोटरसायकलचा आवाज ठाण्याच्या दिशेनं गेला.

४

जयमालाबाई फोन लावत राहिल्या. दीपक उचलत नव्हता. काजल भिंतीकडे तोंड करून उभी राहिली.

स्नेहलताबाई मात्र खुर्चीत तशाच बसून होत्या. त्यांना दीपकच्या बोलण्यात एक मोठी गंमत दिसली होती, आणि ती त्याच्या ध्यानातच आली नव्हती.

माल चोरीला जातो तेव्हा काय होतं? कोठीतून जातो, किंवा पाकिटातून. पाकिटातून गेला तर पार्सल हलकं भरतं. इथं तर कोठी हलकी आणि पार्सल जड. साडेचार हजार पार्सलं, सगळी जड. जगात कुठला चोर माल नेताना गिऱ्हाइकाच्या पार्सलचं वजन वाढवून जातो?

"यंत्रच खोटं असन गोदामातलं," जयमालाबाई म्हणाल्या.

"असू शकतं. बघू." स्नेहलताबाईंनी फाइल तारखांनुसार लावली. तीन महिन्यांत एकूण पार्सलं गेली होती पाच हजार दोनशे. म्हणजे साडेसातशे पार्सलं अशी होती की त्यांना दंड लागला नव्हता. ती कुठली, हे त्यांनी शोधलं, आणि मग चष्मा काढून पुसला. ती विखुरलेली नव्हती. दर सातव्या दिवशी एकदम सगळी. सहा दिवस जड, एक दिवस बरोबर, पुन्हा सहा दिवस जड.

"यंत्र खोटं असतं, तर ते आठवड्यातून एकदा खरं बोललं नसतं," त्या म्हणाल्या. "तुमचा बाजार कुठल्या वारी असतो?"

जयमालाबाईंनी वार सांगितला. तोच तो सातवा दिवस होता.

"आजची तयार खोकी आहेत?"

सकाळपासून पट्टी मारून ठेवलेली बावीस खोकी कोपऱ्यात रचलेली होती. स्नेहलताबाईंनी त्यातली पाच उचलून स्वतः काट्यावर ठेवली. पाचशे बावीस. पाचशे चोवीस. पाचशे तेवीस. पाचशे तेवीस. पाचशे एकवीस.

हर्षल पांढरा पडला. "हे कसं होईन मॅडम? मी आत्ता भरले. चारशे पंच्याऐंशीच झाले पाह्यजे."

त्यांनी एक खोकं उघडायला लावलं, पाकीट फोडलं आणि वड्या काट्यावर ओतल्या. चारशे अठ्ठ्याहत्तर ग्रॅम.

"जयमालाबाई," त्या म्हणाल्या, "तुमच्या हरवलेल्या वड्या सापडल्या. अडचण एवढीच आहे, की त्या तुम्ही आधीच विकून बसला आहात."

त्याच वेळी जयमालाबाईंचा फोन वाजला. दीपक होता. ठाणेदार बंदोबस्ताला गेले होते, पाचला येणार होते. तो जेवायला घरी येत होता, आणि पाचला पुन्हा जाणार होता.

५

जेवणं झाल्यावर स्नेहलताबाईंनी काट्यापाशी चौघांना बोलावलं: दीपक, हर्षल, काजल आणि रुखमाबाई. चौदा बायकांनी हात पुसले आणि माना लांब केल्या.

दीपकला वहिनींकडून सगळं कळलं होतं, आणि त्यानं त्यातूनही आपल्या सोयीचं काढलं होतं. "म्हंजे हर्षल जास्त भरते. गिऱ्हाइकाजवळून वरचे पैसे घेत असन मोबाइलवर. झालं ना सिद्ध?"

"साडेचार हजार गिऱ्हाइकांकडून? चाळीस-चाळीस ग्रॅमचे?" स्नेहलताबाईंनी विचारलं. "दीपकराव, या डब्यातल्या मूठभर वड्या काट्यावर टाका."

"मी?"

"तुम्ही. मूठ भरून."

दीपकनं ऐटीत मूठ भरली. एकसष्ट ग्रॅम. हर्षलची पंचावन्न भरली. काजलची सेहेचाळीस. रुखमाबाई खुर्चीतून उठल्या, डब्यात हात घातला आणि ओंजळ न करता, एका हातानं, सवयीनं मूठ रिकामी केली. काट्यावर अडतीसचा आकडा आला.

"पुन्हा एकदा, आजी."

सदतीस.

"अजून एकदा."

अडतीस.

"कायले खेळून राह्यल्या बाई माह्याशी?" रुखमाबाई म्हणाल्या.

स्नेहलताबाईंनी कागदावर लिहिलेला आकडा जयमालाबाईंपुढे धरला. "एक क्विंटल सत्तर किलो माल, भागिले चार हजार चारशे पन्नास पार्सलं. हा भागाकार मी जेवणाआधी केला. अडतीस ग्रॅम आले. आपण फोडलेल्या पाकिटात चारशे चाळीसच्या वर किती होते? तेही अडतीस. हर्षलच्या हातात एवढं कमी मावत नाही, काजलच्याही नाही. कॅमेरा फक्त काट्याकडे बघतो, सीलिंग मशीनकडे नाही. तूट सुरू झाली जानेवारीत, ज्या आठवड्यात आजींना त्या मशीनपाशी बसवलं तेव्हा. आणि बाजाराच्या दिवशी आजी इथं नसतात, हर्षल तोलण्यापासून पट्टीपर्यंत सगळं एकटा करतो, त्या दिवशी एकही पार्सल जड भरत नाही. ज्याला तुम्ही चोर म्हणता, तो एकटा असतो तेव्हाच तुमचा हिशेब जुळतो."

रुखमाबाई सगळ्यांकडे आळीपाळीनं बघत होत्या. त्यांना अजून आपला गुन्हा कळला नव्हता.

"आजी, तोललेल्या पाकिटात तुम्ही वरून मूठ टाकता?"

"हाव. टाकतो ना. माह्या खुर्चीखाली डबा असते, सकाळी कोठी उघडतो तवा भरून ठेवतो, त्यातून घेतो."

"मंग सांगतलं काऊन नाही मावशी?" जयमालाबाईंचा आवाज चढला.

"सांगाचं काय त्यात?" रुखमाबाई खरंच चकित झाल्या होत्या. "माह्या सासूनं बाजारात बसवलं तवापासून टाकून राह्यलो. तागडी बरोबर झाली की वरून एक मूठ. मोजलं तेवढंच देलं तं ते वजन झालं, देनं नाही झालं. तुमच्या या पोरानं काट्यावरून चिमटीनं दोन वड्या काढून घेतलेल्या पाह्यल्या अन् मलेच लाज वाटली. कोनत्या गावची लेक हे पाकीट उघडन, काय म्हनन, बढ्याचे लोक असे?" मग त्या थांबल्या. काजलकडे, हर्षलकडे पाहिलं. कमरेची किल्ली सोडून त्यांनी काट्यावर ठेवली. "म्हंजे ह्या दोघाइच्या जिवाले घोर माह्यानं लागला. चोर मीच झालो म्हना."

"नाही, आजी," काजल म्हणाली. तिनं किल्ली उचलली आणि पुन्हा त्यांच्या हातात दिली.

६

वाट काढणं स्नेहलताबाईंना सोपं वाटलं. "हर्षल, उद्यापासून काट्यावर चारशे दोन ग्रॅम तोल. मग आजींनी मूठ टाकायची. झाले चारशे चाळीस."

"ते नाही जमनार," रुखमाबाई म्हणाल्या. "आधी मापातलं काढून ठेवाचं अन् तेच वरून टाकाचं? मंग ते वरचं कसं होईन बाई? शिकल्या-सवरलेल्या तुमी."

तीस वर्षांच्या धंद्यात स्नेहलताबाईंना असं उत्तर मिळालं नव्हतं. त्या मोकळेपणानं हसल्या.

"बरोबर आहे तुमचं. मग पाकिटावरच चारशे ग्रॅम छापा, दर चारशेचा लावा. तोलायचे चारशे. आजींची मूठ वरची ती वरचीच. खोक्यासकट चारशे त्र्याऐंशी, म्हणजे पाचशेच्या आत. आणि वर्षाला जेवढ्या मुठी जातील, तेवढा माल हिशेबात भेट म्हणून लिहायचा. त्याला रकाना मी करून देते."

रुखमाबाईंनी जरा विचार केला आणि मान डोलावली. जयमालाबाईंनी लगेच पाकिटं छापणाऱ्याला फोन लावला.

दीपकनं खिशातला कागद काढला, चार तुकडे केले आणि सुपात टाकले. "चला. मिटलं मंग. मी गाडी काढतो."

"मिटलं नाही, दीपकभाऊ," काजल म्हणाली.

तो थांबला.

"काल सकाळी तुमी या दारात उभं राहून बोलले. ह्या सगळ्या बाया होत्या. त्याइनं घरी जाऊन सांगतलं असन. उद्या पडताळनीले शिपाई गावात येईन अन् चार घरी विचारन, पोरगी कशी आहे म्हनून. कागद तुमी फाडला, पन बाया काय सांगतीन?"

"मंग मी काय करू आता?"

"जिथं बोलले तिथंच बोला."

दीपकनं वहिनींकडे पाहिलं. जयमालाबाई फोनवर पाकिटाचा रंग ठरवत होत्या. त्यांनी दिराकडे एकदा बघितलं आणि बोटानं दार दाखवलं. तो दारात जाऊन उभा राहिला. चौदा बायकांचे हात पिठात थांबले.

"काजलनं काही चोरलं नाही," तो पुटपुटला.

"काय म्हनते बे हा?" मागच्या रांगेतली एक जण शेजारणीला म्हणाली. "जोरानं सांग ना बाप्पा. काल तं पार वेशीलोक ऐकू गेलतं."

"काजलनं काही चोरलं नाही. चूक माही झाली."

बायका पुन्हा वड्यांकडे वळणार, तेवढ्यात काजलनं विचारलं, "अन् हर्षलनं?"

हर्षल काट्यापाशी उभा होता. त्यानं मान खाली घातली, कारण त्याच्यासाठी कुणी काही मागेल असं त्याच्या मनातही आलेलं नव्हतं. दीपकनं त्याच्याकडे बघितलं, मग बायकांकडे, आणि या तिसऱ्या वेळी त्याचा आवाज कुणी न सांगता मोठा निघाला.